खिळ्यांच्या पिस्तुलाचा परवाना

बहरीनमध्ये मी पावणेदोन वर्षं सशस्त्र होतो. रीतसर, सरकारी परवान्यानिशी. परवान्यावर दोन शिक्के होते आणि माझा फोटो होता. त्या फोटोत मी असा दिसतो, की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला माझी भीती वाटण्याऐवजी काळजी वाटली असावी.

शस्त्र म्हणजे खिळे मारायचं पिस्तूल. काँक्रीटमध्ये किंवा लोखंडी तुळईत हातोडीनं खिळा जात नाही, म्हणून हे यंत्र वापरतात. मूठ, नळी, चाप, सगळं पिस्तुलासारखं. आत बोटाच्या पेराएवढं काडतूस घालायचं, नळीचं तोंड भिंतीवर जोरात दाबायचं आणि चाप ओढायचा. बार होतो, खिळा आत जातो आणि साइटवरची कबुतरं उडतात. भिंतीवर दाबल्याशिवाय ते चालतच नाही. म्हणजे या शस्त्रानं कोणाला धमकवायचं झालं असतं, तर आधी त्याला भिंतीला नीट टेकून उभं राहायची विनंती करावी लागली असती.

पण काडतूस ते काडतूस. त्याला पोलिसांचा परवाना लागायचा, आणि यंत्र कोण नेणार त्याचं नाव परवान्यात लिहिलेलं असायचं. मी एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनियर होतो. आमचं स्टोअर मुहर्रकला, म्हणजे शेजारच्या छोट्या बेटावर, विमानतळाच्या अंगाला. साइट मोठ्या बेटाच्या पलीकडच्या टोकाला, जनाबियाला, जिथे आम्ही व्हिलांचा एक कंपाउंड बांधत होतो. सकाळी स्टोअरमधून पेटी उचलायची, पूल ओलांडून जनाबियाला न्यायची, काम झालं की परत आणून कुलपात ठेवायची. आधी हे काम एक फोरमन करायचा. तो सुट्टीवर गावी गेला आणि तिकडूनच त्यानं कळवलं, की आता येत नाही. मग मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर एकही डाग नव्हता आणि माझा चेहरा, त्यांच्या शब्दांत, 'कोणाच्या लक्षात न राहणारा' होता. माझ्या अकरा वर्षांच्या अनुभवाची एवढी कदर कंपनीनं पूर्वी कधी केली नव्हती.

त्या वर्षांत बेटावर सरकारविरुद्ध निदर्शनांची गडबड होती. रस्त्यांवर अधूनमधून तपासणी असायची. आम्ही परदेशी लोक त्याबद्दल घरात दारं लावून बोलत होतो आणि बाहेर अजिबात बोलत नव्हतो. अशा दिवसांत डिकीत काडतुसं घेऊन फिरायचं, म्हणून कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनं मला तयार करायचं ठरवलं. हा एक उंच, गुलाबी, अत्यंत सभ्य इंग्रज होता. पोलिसानं गाडी थांबवली तर काय करायचं, याचा त्यानं एक छापील कागद आणला होता. कुठल्या देशाच्या पोलिसांसाठी तो छापला होता, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तालीम त्याच्या गार ऑफिसात झाली. मी खुर्चीवर बसलो. ती गाडी. हातात फाइल आडवी धरली. ते स्टिअरिंग. तो पोलीस झाला आणि माझ्या डाव्या खांद्याशी (तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं) वाकून म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर." मग मी एक वाक्य म्हणायचं होतं. "ऑफिसर, मी आपल्याला कळवू इच्छितो की माझ्या वाहनात कायदेशीर परवाना असलेलं, काडतुसावर चालणारं एक उपकरण आहे आणि त्याची कागदपत्रं दाखवायला मी तयार आहे." हे सगळं इंग्रजीत, शांत आवाजात, हात फाइलवरून न काढता. तिसऱ्या खेपेला मला ते तोंडपाठ झालं. "परफेक्ट," तो म्हणाला. बावीस डिग्रीला, खुर्चीत बसून, ओळखीच्या माणसापुढे मी खरोखरच परफेक्ट होतो.

स्टोअरकीपर रत्नागिरीकडचे. वीस वर्षं बहरीनला होते. साइटवर सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही. पेटी माझ्या ताब्यात देताना मी त्यांना मोठ्या हौसेनं ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"सायेब, एवडं ऐकेपर्यंत त्याची ड्युटी संपंल," ते म्हणाले.

"मग काय म्हणायचं?"

"आदी सलाम करा. मग सांगा, वरका हाय. कागद. मग सांगा मसामीर, खिळे. मुसद्दस हा शब्द तुमी तोंडातून काडू नका. तो कागदावर हाय, त्याचा तो वाचंल."

परवान्यावर अरबीत यंत्राचं नाव 'मुसद्दस मसामीर' असं होतं. मुसद्दस म्हणजे पिस्तूल, मसामीर म्हणजे खिळे. मी चाचांचे आभार मानले आणि त्यांचा सल्ला तिथेच सोडून दिला. मी पुण्याचा इंजिनियर, ते दहावी नापास. शिवाय माझ्याकडे छापील कागद होता.

पहिलं वर्षभर मला कोणी अडवलंच नाही. मला त्याची थोडी चुटपुटही लागायला लागली. एवढी तालीम करून प्रयोगच होत नाही म्हटल्यावर नटाला जसं वाटतं, तसं.

मग जुलैतल्या एका सकाळी पुलाच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या बाजूला घ्यायला सुरुवात केली. दहा वाजले असतील. माझी पाळी आली. मी काच खाली केली, हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि पोलीस वाकून काही बोलायच्या आत ते वाक्य सुरू केलं. कागदावर 'उपकरण' होतं. पण घाबरलेल्या माणसाची जीभ सोपा शब्द उचलते. साइटवर सगळे त्या यंत्राला गन म्हणायचे. मीही गन म्हणालो.

माझ्या त्या लांबलचक वाक्यातला एवढा एकच शब्द त्याला समजला. तो सरळ झाला, एक पाऊल मागे गेला आणि त्याचा हात कमरेला गेला. बाकीचे शब्द म्हणायची माझी अजून इच्छा होती. पण मला वाटलं, याला परवाना दाखवला की सगळं मिटेल. म्हणून मी वाकलो आणि उजवीकडचा डॅशबोर्डचा कप्पा उघडायला हात घातला.

"ओगफ!" तो ओरडला. म्हणजे थांब. हा शब्द मला कोणी शिकवला नव्हता. पण तो ज्या आवाजात आला, त्या आवाजात कुठल्याही भाषेतला कळला असता. मी कप्प्याच्या दांडीवर हात ठेवून तसाच गोठलो. दुसरा एक पोलीस पलीकडच्या काचेशी आला. दार उघडलं गेलं. मला खुणेनं बाहेर घेतलं आणि हात बॉनेटवर ठेवायला सांगितलं.

जुलै महिन्यात, उन्हात, स्टोअरपासून चालत आलेल्या गाडीचं बॉनेट. मी हात ठेवले आणि उचलले. "हात ठेव," अशी खूण झाली. मी ठेवले आणि पुन्हा उचलले. लांबून बघणाऱ्याला मी तबला वाजवतोय असं वाटलं असेल. मला मात्र एकच दिसत होतं, की दर वेळी मी हात उचलला की त्याचा हात कमरेशी घट्ट होतोय. शेवटी त्यानं स्वतः बॉनेटला एक बोट लावून पाहिलं, चटकन मागे घेतलं आणि मला हात वर धरायला सांगितलं. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.

मग त्यांचा अधिकारी आला. चाळिशीचा, चष्मा लावलेला. त्यानं डिकी उघडायला लावली, पेटी उघडली, यंत्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हात वर, शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडातून अजूनही 'लीगली, लीगली' एवढंच चाललेलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

"पेपर?" त्यानं विचारलं.

"कप्प्यात," मी म्हणालो, आणि या खेपेला तिकडे बोटसुद्धा केलं नाही.

त्यानं कागद काढला, वाचला आणि मुदतीच्या ओळीवर नख ठेवलं. परवाना तीन दिवसांपूर्वी संपला होता.

म्हणजे मी आता कायदेशीर सशस्त्र माणूसही राहिलो नव्हतो. पोलीस ठाण्यात मला एका बाकावर बसवलं, पंख्याखाली, आणि पाणी दिलं. कोणी आवाज चढवला नाही. अधिकाऱ्यानं फोन करू दिला. मी स्टोअरला केला. चाचा म्हणाले, "बसा सायेब, मी बगतो." त्यांना तो नवा परवाना शोधायला दहा मिनिटं लागली. सरकारी कामं करणारा आमचा माणूस, ज्याला तिकडे मंदूब म्हणतात, त्यानं तो आठवड्यापूर्वीच आणून स्टोअरमधल्या माझ्या टेबलावर ठेवला होता. मी आठवडाभर त्यावर चहाचा कप ठेवत होतो. चाचा तो घेऊन ठाण्यात आले तेव्हा माझ्या फोटोभोवती तपकिरी वर्तुळ उमटलेलं होतं.

अधिकाऱ्यानं ते वर्तुळ निरखून पाहिलं. मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "आधी सांगायचं, कागद आहे. मग थांबायचं. मी विचारलं की सांगायचं, कुठे आहे. मग पुन्हा थांबायचं. मी सांगितल्यावर हात हलवायचा. घाई कोणाला आहे?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

"बरोबर. माझ्या माणसाला नव्हती. तुम्हाला होती."

एवढ्यावर सुटका झाली. पण खरी चौकशी घरी व्हायची होती. बायकोला मी या पिस्तुलाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. तिला काळजी नको, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे ती जे बोलली असती ते मला ऐकायचं नव्हतं. ती अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात काम करायची. चाचांनी निव्वळ चांगुलपणानं तिला तिथे फोन केला होता. "भाभी, घाबरू नका. सायबांना कायसुदा झालं नाय. फक्त त्यांचं पिस्तूल पोलिसांनी पकडलं."

मी दुपारी घरी आलो तर ती ऑफिसातून लवकर येऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. एरवी ती मला 'अरे' म्हणायची. 'अहो' म्हणाली की प्रकरण गंभीर समजायचं.

"अहो," ती म्हणाली, "आपल्याकडे अजून काय काय आहे? तोफ वगैरे? म्हणजे पाहुणे आले तर मला सांगता येईल."

मी समजावलं. भिंतीवर दाबल्याशिवाय चालत नाही, खिळ्यांचं आहे, कंपनीचं आहे.

"आणि पोलिसाचा हात कमरेला गेलेला असताना तुम्ही कप्प्यात हात घातलात."

"परवाना काढायला."

"त्याला कसं कळणार, परवाना काढायला का दुसरं काही?"

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं गेलो तर ओट्याला धरून नुसती उभी होती. तिनं एकच अट घातली. ती पेटी गाडीत असताना मुलगी गाडीत बसणार नाही. मी कबूल केलं. मुलीला मात्र आईनं एवढंच सांगितलं, की पप्पांच्या डिकीत कामाची एक गन असते, तिला हात लावायचा नाही, आणि पप्पांना ती धड वापरताही येत नाही.

अट मी सात महिने पाळली.

आठव्या महिन्यात एका गुरुवारी (तिकडे सुट्टी शुक्रवारी) साइट दुपारी सुटली. मुलगी अदलियाला मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, बायको ऑफिसातून तिकडेच गेली होती, आणि ज्यांच्या गाडीतून त्या घरी यायच्या त्यांची गाडी बंद पडली. बायकोचा साइटवर फोन आला. जनाबियाहून मुहर्रकला जाताना अदलियाला वळायला कितीसा वेळ लागतो? त्या दोघींना घ्यायचं, आधी पेटी स्टोअरला टाकायची, मग घर. बायको गाडीत बसल्यावर मी पेटीचं सांगितलं. तिनं मागे वळून पाहिलं. मागे सहा वर्षांची मुलगी डोक्यावर कागदी टोपी घालून बसली होती.

पुलाच्या तोंडाशी तपासणी होती.

या खेपेला मी गाडी लांबूनच हळू केली. सगळ्या काचा खाली घेतल्या. हात स्टिअरिंगवर, बोटं पसरून. पोलीस तरुण होता, बहुधा पाकिस्तानी; तिकडे पोलिसांत ते बरेच असत. मी सलाम केला. म्हणालो, "वरका. मसामीर." तो समजला, मग उर्दूत म्हणाला, "अच्छा, कंपनी का सामान." सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की त्या इंग्रजाला हे दाखवायला हवं असं माझ्या मनात आलं.

"गाड़ी में और कुछ?" पोलिसानं विचारलं.

आमच्या मुलीला मराठी, हिंदी सगळं समजायचं. उत्तर मात्र शाळेच्या इंग्रजीतच यायचं. मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "पापा हॅज अ गन इन द डिकी. बट ही डझन्ट नो हाऊ टू यूज इट."

पोलीस सरळ झाला. हसला नाही. एक पाऊल मागे गेला.

मला ते पाऊल ओळखीचं होतं. सांगायला शंभर गोष्टी घशाशी आल्या. हात आपोआप कुठेतरी निघाले होते, ते मी स्टिअरिंगवर दाबून ठेवले. बायकोनं आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले आणि मागे न वळता, पोळी वाढताना बोलावं अशा आवाजात मुलीला म्हणाली, "हात मांडीवर. आता बोलायचं नाही."

"वही मसामीर वाली मशीन है," मी म्हणालो. "परमिट है." आणि थांबलो.

"किधर है?"

"शर्ट की जेब में. निकालूँ?"

"दो उंगली से. आहिस्ता."

मी दोन बोटांनी कागद काढला. खिशातून खिडकीपर्यंत वीतभर अंतर असेल. तेवढं अंतर माझ्या हातानं इतक्या वेळात कधी कापलं नसेल. त्यानं वाचलं. "दरवाजा खोलूँ?" मी विचारलं. "खोलो." मी उतरलो, विचारून डिकी उघडली, पेटी त्यानंच उघडली. चारेक मिनिटांत सगळं झालं. कागद परत देताना त्यानं मागच्या सीटवरच्या टोपीकडे पाहिलं.

"इसमें स्टोर और साइट लिखा है," तो हळू आवाजात म्हणाला. "बर्थडे नहीं लिखा. बच्ची को इसके साथ मत घुमाओ, भाईसाहब."

पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली. मुलीनं मागून विचारलं, "आर यू अँग्री विथ मी?" मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. ती जे बोलली त्यातला शब्दन् शब्द खरा होता. बायकोनं पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. एखादा टोमणा आला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर परवाना ठेवला आणि दुसरा चेहरा शोधा म्हणून सांगितलं. सेफ्टी ऑफिसरला झाला प्रकार कळला तेव्हा तो अत्यंत उत्साहित झाला. त्यानं माझ्याकडून दोन पानी अहवाल लिहून घेतला आणि पुढच्या तालमीत मागे एक खुर्ची वाढवली. तिच्यावर आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाला बसवून तो मुलीचं वाक्य म्हणायला लावायचा. ते गृहस्थ कामात खूप जीव ओतायचे, असं ऐकलं.

परवाना चाचांच्या नावावर झाला. त्यांनी तालीम नाकारली. एकदा माझी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून मी त्यांच्या पिकअपमधून साइटवर निघालो. पुलापाशी गाड्या थांबवत होते. चाचांनी काचा खाली केल्या, हात स्टिअरिंगवर आडवे टाकले, आणि पोलीस जवळ आला तसा सलाम करून त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. तो म्हणाला, बरा आहे, पण जिना चढताना दुखतो. चाचांनी त्याला कुठलंसं तेल सांगितलं. मग कागद आहे म्हणाले. पोलीस म्हणाला, माहीत आहे, दाखव. चाचांनी कुठे आहे ते सांगितलं, त्यानं मान हलवली, तेव्हाच हात हलवला. एवढी ओळख असूनही हात विचारल्याशिवाय हलला नाही, हे मी पाहिलं. मी शेजारी तळवे मांडीवर उलटे ठेवून बसलो होतो.

पोलिसानं माझ्याकडे बोट केलं. हा कोण?

"इंजिनियर," चाचा म्हणाले. "मफी मुश्किल."

म्हणजे, याच्यापासून काही त्रास नाही. पोलिसानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि जायला सांगितलं.